गाठीतले तांदूळ

पेचकसाचं टोक मशीनच्या पत्र्याला टेकवून आणि त्याची लाकडी मूठ कानाशी दाबून भोयर डोळे मिटून बसले होते. न्हाणीच्या दारात शारदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय करून राहिले जी तुम्ही? मशीनले ताप आला का?"

"थांब वं जरा. ऐकू दे."

"पियुषनं फोनवर काय सांगतलं? बाबांले म्हणा, हात नका लावू."

"हात कुठं लावला? कान लावला."

शारदाबाई नाक उडवून स्वयंपाकघरात गेल्या. भोयरांनी पुन्हा डोळे मिटले. आतला छोटा पंप 'हूं... हूं...' करत होता. मोटर जळलेली नव्हती. बिचारी जोर लावत होती, पण तिच्या वाटेत काहीतरी आडवं आलं होतं. चौतीस वर्षं रायपूर स्टेशनच्या पंपहाऊसमध्ये काढलेल्या माणसाला एवढं कळायला कुठल्या पडद्याची गरज नव्हती. मशीनच्या कपाळावर मात्र दोन इंग्रजी अक्षरं सकाळपासून लुकलुकत होती आणि काचेच्या गोल दारामागे गढूळ पाण्यात कपडे बुडून पडले होते.

मशीनचं एवढं काही नव्हतं. आज ना उद्या ती दुरुस्त झालीच असती. भोयरांना घाई होती ती सुनेसाठी.

बारा दिवसांत आज पहिल्यांदा राधिका आपणहून खोलीबाहेर आली होती. कुणी न सांगता तिने खोलीतला कपड्यांचा ढीग उचलला, मशीनमध्ये कोंबला, साबण घातला, बटण दाबलं. शारदाबाईंनी स्वयंपाकघरातून नवऱ्याला डोळ्यांनीच खूण केली, पाहा, उठली पोरगी. भोयरांनी वर्तमानपत्रामागून मान हलवली. आणि अर्ध्या तासाने मशीन मध्येच अडून बसली. राधिकाने बटणं दाबून पाहिली, दार ओढून पाहिलं. दार उघडेना, पाणी जाईना. ती तिथेच फरशीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मुझसे कुछ भी ठीक से नहीं होता."

मग उठून खोलीत गेली. आतून कडी लागली.

कडी वाजली तसं भोयरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ही पोरगी आता मशीनही स्वतःच्याच खात्यावर मांडून बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. मशीन आजच चालू व्हायला हवी होती आणि तिच्यामुळे काही बिघडलं नाही हे तिला कळायला हवं होतं. त्यांच्या हातात होतं ते एवढंच.

राधिका बिलासपूरच्या मराठी घरातली. मराठी सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की हिंदी यायची. लग्न होऊन तिला रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या या घरात अडीच वर्षं झाली होती. ती एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होती. सासूचे गुडघे दुखतात म्हणून ही मशीन तिनेच पहिल्या दिवाळीला स्वतःच्या पगारातून आणलेली. संध्याकाळी पाचला घरी आली की चहाचे दोन कप घेऊन ती गच्चीवर जायची, कारण गच्चीवर भोयर बसलेले असायचे, आणि भोयरांच्या पंपाच्या गोष्टी ऐकून घेणारं त्या घरात तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. पियुष 'बाबा, ये वाली सुनी हुई है' म्हणून मोबाइल उघडायचा. शारदाबाईंना तर त्या गोष्टी भोयरांपेक्षा जास्त पाठ होत्या. राधिका मात्र गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि गोष्ट रंगात आली की हमखास विचारायची, "फिर क्या निकला, चीफ साहब?"

कारण भोयरांच्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी पंपातून काहीतरी निघायचं. कधी बेडूक निघाला, कधी कुणाचा गमछा, आणि एकदा तर तिकीट तपासनीसाची टोपी निघाली होती. भोयर कधीच चीफ नव्हते, फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. पण ती पदवी त्यांना मनातून फार आवडायची.

बारा दिवसांत ती हाक ऐकू आली नव्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात पियुषने त्यांना सांगितलं होतं, "बाबा, तीसरा महीना था. अब नहीं है." आजोबा होणार होतो आणि आता होणार नाही, हे दोन्ही भोयरांना एका दमात कळलं. घरी आल्यावर सगळे राधिकाशी फार हळू बोलायला लागले, म्हणजे जवळजवळ बोलेनासेच झाले. भोयरांनी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन घसा खाकरला आणि दोन्ही वेळा पाणी प्यायला आल्यासारखं करून ते परत फिरले.

बोलायचं त्यांना याआधीही एकदा राहून गेलं होतं. पियुषच्या आधी शारदाबाईंचंही असंच झालं होतं. त्या दिवशी भोयर दवाखान्यातून थेट ड्युटीवर गेले. एप्रिलचा महिना होता, दोन पंप बंद, गाड्या पाण्याविना पुढे जात होत्या. सबब खरी होती. पण घरी आल्यावरही ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग बोलायची वेळच निघून गेली. शारदाबाईंनी त्याबद्दल जन्मात एकदाच तोंड उघडलं, तेही भलत्याच गोष्टीवरून भांडण चाललं असताना. "तुम्हाले पंपाचं दुखणं समजते जी, माणसाचं नाही." भोयरांनी ते ऐकून घेतलं होतं.

साडेबाराला पियुषचा फोन आला. तो नव्या रायपुरात मंत्रालयात कारकून होता, आणि तिकडून घरच्या कारभारावर लक्ष ठेवणं हा त्याचा जेवणाच्या सुट्टीतला उद्योग.

"बाबा, आपने खोला तो नहीं?"

"नाही रे बाप्पा."

"सर्विस वाला तीन बजे के बाद आएगा. उसको करने देना. ये आपका पुराना पंप नहीं है, इसमें सब कार्ड-वार्ड होता है."

"हव, हव," भोयर म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी बाह्या वर केल्या.

आधी त्यांनी प्लग काढला, नळ बंद केला. मग मशीन भिंतीपासून वीतभर ओढून मागचा पाइप चाचपला. कुठे वाकला नव्हता, दबला नव्हता, त्याचं तोंड मोरीत मोकळं होतं. म्हणजे अडचण आत होती. मशीनच्या पायाशी उजव्या हाताला एक छोटं झाकण होतं. ते उघडल्यावर आत करंगळीएवढी नळी आणि तिच्या शेजारी फिरकीचं गोल बूच दिसलं.

"जाळी इथं लपवली का लेकहो," भोयर पुटपुटले. पंप मोठा असो की लहान, त्याच्या तोंडाशी जाळी असायचीच, आणि जगातला निम्मा कचरा जाळीत येऊन बसायचाच. त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला.

नळीचं तोंड उघडून त्यांनी खाली परात लावली. पाणी बारीक धारेने येऊ लागलं. परात भरली की नळीच्या तोंडावर अंगठा, परात मोरीत रिकामी, पुन्हा परात. सोळा-सतरा वेळा वाकून झाल्यावर कंबर बोंबलायला लागली. सदुसष्टाव्या वर्षी फरशीवर बसणं सोपं असतं, उठणं नसतं. म्हणून ते उठलेच नाहीत, बसल्या बसल्याच मोरीकडे सरकत राहिले. शारदाबाई मध्ये एकदा डोकावल्या, काही न बोलता एक जुनं पोतेरं त्यांच्या गुडघ्याखाली सारून गेल्या.

पाणी संपलं. भोयरांनी फिरकी हळूहळू उलटी फिरवली आणि जाळी बाहेर ओढली.

जाळी तांदळाने भरली होती.

कोमट पाण्यात फुगून टपोरे झालेले तांदूळ जाळीच्या फटीफटीत घट्ट बसले होते. मागे पंपाच्या पंख्यातही अडकले होते. भोयरांनी बोटाने एक दाणा काढला, उजेडात धरला. दाण्याच्या अंगावर पिवळसर छटा होती.

त्यांच्या कपाळावर आठी पडली. कपड्यांत तांदूळ कुठून येणार? त्यांनी मशीनचं दार ओढलं. पाणी गेल्यामुळे ते आता उघडलं. दाराभोवतीच्या जाड रबराच्या घडीत बोट घालून त्यांनी गोल फिरवलं. आधी एक सुपारी हाताला लागली. मग एक खारीक. मग एक हळकुंड.

भोयरांनी ते फरशीवर ओळीने मांडले. तांदूळ, सुपारी, खारीक, हळकुंड. ही ओटी होती.

तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. घरातल्या बायकांनीच, गुपचूप, पुरुषांच्या कानावर न घालता. शारदाबाईंच्या माहेरी उमरेडला ओटीला गहू असत. पण धानाच्या मुलखात जन्म गेल्यावर त्या तांदळावर आल्या होत्या. त्यांच्या माहेरची आणखी एक रीत होती. ओटीतले मूठभर जिन्नस पदराच्या टोकाला गाठ मारून तसेच ठेवायचे, साडी घडी करून कपाटात, आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या दिवशी ती गाठ सोडून त्याच तांदळाची खीर करायची. शारदाबाईंची तशी साडी भोयरांनी पाहिली होती. दोनदा पाहिली होती. पहिल्या साडीच्या गाठीचं पुढे काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ओल्या कपड्यांच्या गोळ्यातून फिकट पोपटी रंगाचा पदर बाहेर लोंबत होता. टोकाची गाठ सैल होऊन सुटली होती आणि तिथे हाताच्या पंजाएवढा डाग पडला होता. साबणाच्या पाण्याने हळद लाल झाली होती.

म्हणजे मशीन राधिकाच्याच हातून अडली होती. तिच्यामुळे नाही असं तिला सांगायला भोयर सकाळपासून फरशीवर घासत होते, आणि निघालं हे! तीन वाजता सर्व्हिसवाला येणार, जाळी काढणार, तांदूळ तळहातावर घेऊन दारातूनच विचारणार, मैडम, ये चावल किसने डाला? ते भोयरांना होऊ द्यायचं नव्हतं.

त्यांनी सुपारी, खारीक आणि हळकुंड उचलून शर्टाच्या खिशात टाकलं. जाळीतले तांदूळ बोटांनी, मग जुन्या टूथब्रशने काढून वर्तमानपत्रावर घेतले. पंख्यात अडकलेले दाणे एकेक करून टोकरले. पंखा बोटाने फिरवून पाहिला. तो गरकन फिरला. जाळी बसवून फिरकी आवळत होते तोच शारदाबाई दारात आल्या.

"काय निघालं?"

भोयरांनी घसा खाकरला, आणि बंद खोलीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "काय निघन? माह्याच करणीचं निघालं. चिमण्यांचे तांदूळ! शर्टाच्या खिशात राहिले अन् शर्ट गेला मशीनीत. पोरीनं कपडे टाकले बिचारीनं, तिले काय माहीत म्हाताऱ्याच्या खिशात धान्याचं गोदाम हाय म्हणून."

रोज सकाळी गच्चीवर चिमण्यांना घालायला भोयर खिशात तांदूळ नेत, ही गोष्ट खरी होती. पण भोयरांचा शर्ट आजवर एकदाही मशीनमध्ये गेला नव्हता. मशीन कापड खाते असं त्यांचं पक्कं मत होतं. स्वतःचे दोन खाकी शर्ट आणि बनियनं ते रोज सकाळी नळाखाली हाताने धूत, आणि यावरून घरात पुष्कळ थट्टाही होई.

शारदाबाईंनी वर्तमानपत्रावरच्या तांदळाकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या छातीकडे पाहिलं. खाकी खिशातून ओला पिवळा डाग बाहेर फुटत होता. क्षणभर भोयरांना वाटलं की आता सगळं बाहेर पडणार.

शारदाबाईंनी पदर खोचला आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"अस्सं! म्हणजे हे तुमचं काम! हजारदा सांगतलं, खिशे झाडत जा, खिशे झाडत जा. पण ऐकन कोण? अन् त्या लेकराले सकाळपासून वाटून राहिलं, माह्याच हातून मोडलं म्हणून. लाज वाटते का काही? इतकी वर्षं रेल्वेचे पंप सांभाळले अन् घरच्या पंपात तांदूळ शिजवले!"

"चुकलं बाप्पा."

"चुकलं म्हणे! आजपासून तुमचे कपडे तुम्हीच धुवाचे. मशीनले हात लावाचा नाही."

असं त्या ठणकावून म्हणाल्या. मग आवाज न करता खाली बसल्या, वर्तमानपत्राची पुडी केली, भोयरांच्या मांडीवर ठेवली आणि अगदी हळू म्हणाल्या, "मोरीत नका टाकू हे. वर कढीलिंबाच्या कुंडीत पुरून द्या." उठताना त्यांनी आधारासाठी भोयरांचा खांदा धरला, आणि उभ्या राहिल्यावरही हात लगेच काढला नाही.

"पहिल्या खेपेले मीही थेच केलं होतं," त्या म्हणाल्या. "एकटीनं."

भोयरांनी खांद्यावरच्या हातावर आपला ओला हात ठेवला. "मी पंपावर गेलतो," ते म्हणाले. "जायले नव्हतं पाहिजे."

पदराने नाक पुसून शारदाबाई भाजीकडे बघायला गेल्या.

भोयरांनी प्लग लावला, नळ उघडला, बटण दाबलं. मशीनने आधी थोडं पाणी घेतलं, कपडे इकडून तिकडे लोळवले, विचार केल्यासारखी थांबली, आणि मग मोरीत पाइपाच्या तोंडून घळघळ पाणी पडायला लागलं. चौतीस वर्षांत भोयरांनी याहून मोठे पाण्याचे लोट ऐकले होते. पण इतकं बरं त्यांना क्वचितच वाटलं असेल.

सर्व्हिसवाल्याचा फोन आला तेव्हा मशीन गरगर फिरून कपडे पिळत होती.

"मत आओ भैया, ठीक हो गई."

"क्या प्रॉब्लम था अंकल?"

"कुछ नहीं. पाइप मुड़ गया था," भोयर म्हणाले. पंपातून काय निघालं हे सांगायची संधी त्यांनी जन्मात पहिल्यांदा सोडून दिली.

गच्चीवर कार्तिकातलं स्वच्छ ऊन पडलं होतं. कढीलिंबाच्या कुंडीत पेचकसाने वीतभर खड्डा करून भोयरांनी तांदूळ पुरले, वरून माती थोपटली. सुपारी, खारीक आणि हळकुंड मात्र खिशातच राहिलं. ते कुठे ठेवावं हे त्यांना ठरवता येईना.

जिन्यावर पावलं वाजली. कपड्यांची बादली घेऊन राधिका वर आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. बादली खाली ठेवून ती कठड्याशी उभी राहिली. भोयर तिच्याकडे न बघता दोरी पुसू लागले. बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण शब्द जुळेनात.

"क्या निकला, चीफ साहब?"

भोयरांचा हात दोरीवर थांबला.

"काही नाही, पोरी. माह्या खिशातले..."

"आपके कपड़े मशीन में कब से जाने लगे, बाबा?"

भोयर पुन्हा दोरी पुसायला लागले. खोटं बोलण्यात त्यांचा हात कधी बसला नव्हता.

राधिकाने बादलीतून पोपटी साडी काढली. तिचा पदर शोधत शोधत ती त्या टोकाशी आली. "मम्मी ने बाँधी थी," खालच्या स्वयंपाकघराकडे मान करून ती म्हणाली. "कितनी बार हाथ में ली. मुझसे गाँठ खोली नहीं गई, बाबा. सोचा, पानी में अपने आप खुल जाएगी." आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला एकदम आलं.

भोयरांना जवळ घेणं वगैरे जमण्यातलं नव्हतं. त्यांनी पुढे होऊन साडीचं दुसरं टोक धरलं. "सुटली ना," ते म्हणाले. "पाण्यानंच सुटली. तुह्या हातून काही बिघडलं नाही. मशीनचंही नाही, अन्..." इथे त्यांनी घसा खाकरला. पण या वेळी ते थांबले नाहीत. "अन् थेही नाही. आयकून राहिली ना तू? थेही तुह्या हातून नाही. मले लई वाईट वाटलं, पोरी. बारा दिवस झाले, सांगाचं होतं."

राधिकाने मान हलवली. रडत रडतच तिने आपलं टोक ताणून धरलं, भोयरांनी आपलं धरलं, दोघांनी साडी झटकली आणि दोरीवर टाकली. डागाचं टोक तिच्या बाजूला आलं. लाल डागावरून तिने बोट फिरवलं आणि पटकन मागे घेतलं.

"ये नहीं जाएगा."

"हळद हाय थे. साबणानं लाल दिसते." भोयरांनी पदर उलटून डाग सूर्याकडे केला आणि त्याला चिमटा लावला. "कोण्याच साबणानं जात नाही हळद. उन्हानं जाते."

तिने त्यांच्या छातीकडे पाहिलं. खिशाच्या तळाशी पिवळा डाग पसरला होता. ती काही विचारणार होती, पण तिने नुसता हात पुढे केला. भोयरांनी खिशातले तिन्ही जिन्नस काढून तिच्या तळहातावर ठेवले. तिने मूठ मिटली, ओढणीच्या टोकाने डोळे पुसले.

"शर्ट दीजिए," ती म्हणाली.

"राहू दे. मी धुतो."

"दीजिए ना, चीफ साहब."

भोयरांनी मुकाट्याने शर्ट काढून दिला. राधिकाने तो गच्चीच्या नळाखाली हातानेच धुतला, पिळला, आणि साडीशेजारी दोरीवर टाकून खिशाची बाजू उन्हाकडे केली.

"कितने दिन लगेंगे?"

"लागतीन आठ-पंधरा. रोज टाकू."

ती चहा करायला खाली गेली. भोयर बनियनवरच कठड्याशी बसून राहिले. वारा आला की साडीचा पदर हलायचा आणि सावली डागावर यायची. मग ते उठून तो पुन्हा उन्हाकडे करायचे.